बसलिंगप्पांनी ऐकलेलं गाणं

लातूरच्या गंजगोलाईत बसलिंगप्पा खानापुरेंच्या दुकानातून तूरडाळ नेणाऱ्या बायका घरी गेल्यावर ती निवडायला बसत नाहीत. सरळ धुतात आणि कुकरला लावतात. पोत्यात हात घालायचा, मूठभर डाळ तळहातावर पसरायची, अंगठ्याने सरकवत बघायची आणि खडा दिसला की आख्खं पोतं मिलवाल्याकडे माघारी धाडायचं, हा बसलिंगप्पांचा वडिलांपासूनचा शिरस्ता. बाजारात त्यांना पाठीमागे ‘खडाप्पा’ म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आतून आवडतंही.

माणूस तसा वाईट नाही. सकाळी पूजा, कपाळावर विभूती, दुपारी घरून आलेला डबा, संध्याकाळी हिशेब मिटला की घर. तोंडाने फटकळ, पण उधारी मागताना जीभ अडखळणारा. एकच खोड, आणि ती बऱ्याच बापांना असते. आपल्याला कळत नाही ती गोष्ट फालतू, असं ते धरून चालायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा सोमेश नांदेडला इंजिनिअरिंग करत होता. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीला तो घरी आला तेव्हा पाठीवर गिटार होती. मेसचे पैसे वाचवून घेतलेली. चार पोरांनी मिळून बँड काढला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘कोरडवाहू’. बसलिंगप्पांनी नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “लोकं बागाईतदार व्हायची सपनं बघतेत अन् ह्यो कोरडवाहू होऊन राहिला!” गिटार त्यांनी मोडली नाही की फेकली नाही. फक्त कायदा केला. “मी घरात असताना ते खोकं वाजवायचं न्हाई. माझं डोकं उठतंय.”

सोमेशने तो कायदा कधी मोडला नाही. सुट्टीत घरी आला की बाप दुकानात गेल्यावर तो गच्चीवर जायचा आणि बाप जेवायला यायच्या आत खाली यायचा. खाली स्वयंपाकघरात नीलाबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, त्याच्या अव्वाला, सगळं ऐकू यायचं. भाकरी थापता थापता त्या ऐकायच्या. गाणं कळायचं नाही, पण पोरगं वर आहे एवढं कळायचं आणि तेवढं त्यांना पुरायचं.

मग ते झालं. नांदेडहून मोटरसायकलवर येताना अहमदपूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, काही नाही. गाळपाच्या हंगामात त्या रस्त्यावर दरसाल कुणाचं ना कुणाचं पोर जातं. त्या साली सोमेश गेला. लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून, तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग डबीसकट ठेवून समाधी दिली. गिटार घरी आली ती नीलाबाईंनी धान्याच्या कोठीमागे उभी करून ठेवली.

त्यानंतर बसलिंगप्पांना एक विचित्र दुखणं लागलं. पोराचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा, पण आवाज येईना. एकवीस वर्षांचं पोर, आणि त्याचं बोलणं आठवायला गेलं की “हाव अप्पा” याच्यापुढे काही सापडेना. बापाशी तो तेवढंच बोलायचा. फोन तर रस्त्यावर चुरा झाला होता. दुकानात गिऱ्हाईक बोलत असायचं आणि हे मनात धांडोळा घेत बसायचे. पोराचा आवाज एकदा कानावर पडावा, एवढंच मागणं उरलं होतं. कुणापुढे बोलून दाखवलं नाही, पण रात्रंदिवस तेच.

पुढच्या वर्षी नवी तूर बाजारात आली होती. दुकानासमोर टेंपो लागलेला, हमालांची ओरड चाललेली, आणि त्यात हरिओमचा फोन आला. हरिओम म्हणजे सोमेशच्या बँडमधला ढोलकीवाला, असं बसलिंगप्पा म्हणायचे. खरं तर तो ड्रम वाजवायचा. अर्धापूरच्या केळीवाल्यांचं पोरगं.

“काका, आमी नांदेड-लातूरच्या सगळ्या बँडचा मिळून एक अल्बम काढून राहिलो,” तो म्हणाला. “सोमेशनं जायच्या आधी घरी गच्चीवर एक गाणं फोनमधी रेकॉर्ड करून मला पाठवलं होतं. त्याचाच आवाज, त्याचीच गिटार. त्याच्याभवती आमी बाकीचं वाजवलं. त्याचं गाणं घ्यायचं का, ते तुमाला इचारल्याबिगर…”

“घे की!” बसलिंगप्पा ओरडलेच. हमाल वळून बघायला लागले. “घे बाबा. इचारतो काय!”

“अजून एक, काका. त्या रेकॉर्डिंगमधी मधून मधून कायतरी टकटक येतंय. कशाचं हाय कळंना. पुण्याचा मिक्सिंगवाला म्हणतोय, काढता येतंय. काढू का ऱ्हाऊ देऊ?”

बसलिंगप्पांच्या तळहातावर तेव्हा नव्या तुरीची डाळ पसरलेली होती. पोराचं काम पहिल्यांदाच चारचौघांत जाणार, आणि त्यात खोट राहू द्यायची? “काढून टाक,” ते म्हणाले. “माझ्या पोराचा माल हाय. स्वच्छ पायजे.”

फोन ठेवल्यावर ते दिवसभर खुशीत होते. पोरासाठी काहीतरी केलं असं त्यांना कितीतरी महिन्यांनी वाटलं. त्या संध्याकाळी त्यांनी हमालांना चहाबरोबर भजीही दिली.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी नांदेडला अल्बम सगळ्यांना ऐकवायचा होता. अल्बमचं नाव ‘मांजरा ते गोदा’. नीलाबाईंना घेऊन जायचा बसलिंगप्पांचा विचार होता, पण त्या म्हणाल्या, “मला लोकांत न्हाई ऐकवणार. तुमी घिऊन या, मी घरात ऐकीन.” तेव्हा पांढरा सदरा घालून, पिशवीत एक नारळ घेऊन बसलिंगप्पा एकटेच एसटीत बसले.

शिकवणीचा हॉल होता. फळ्यावर रसायनशास्त्राची समीकरणं तशीच, आणि बाकांवर काळे टी-शर्ट घातलेली, केस वाढवलेली पोरं-पोरी. बसलिंगप्पांना पुढच्या खुर्चीत बसायला सांगितलं. ते लगेच बसले नाहीत. “नारळ फोडल्याबिगर कशाला सुरवात करता रे?” म्हणत त्यांनी पिशवीतून नारळ काढला, दारात फोडला आणि विभूतीची पुडी सोडून दोन्ही स्पीकरवर तीन-तीन बोटं ओढली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणी हसलं असेल, पण कुत्सितपणे नाही.

मग गाणी सुरू झाली. पहिलं भोकरच्या पोरांचं. लग्नात जनरेटरशेजारी पंगत पडावी तसं बसलिंगप्पांना झालं, पण उठले नाहीत. दुसरं, तिसरं. किनवटच्या वसतिगृहात वाढलेल्या पोरांचं गाणं लागलं तेव्हा त्यांची मान थोडी हलली. ती पोरं वसतिगृहातून घरी जाणाऱ्या रेल्वेविषयी गात होती आणि शब्द कळत होते. ‘असं हाय व्हय हे,’ बसलिंगप्पांना वाटलं. एवढंच जर होतं, तर एखाद्या दुपारी गच्चीचा जिना चढून बघायला काय हरकत होती?

सोमेशचं गाणं शेवटी होतं. नाव होतं ‘नळ आला’. लातूरमध्ये नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तेही अवेळी, आणि मग घरोघरी एकच हाकाटी होते. त्यावरच गाणं केलेलं. आधी नुसती गिटार, मग आवाज आला.

“नळ आला गं अव्वा, मला उठव.”

सोमेशचाच आवाज. किंचित घोगरा, ‘व्वा’वर जरा रेंगाळणारा. बसलिंगप्पांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पुढे ढोल-ताशांचा गजर सुरू झाला, पोरं माना हलवायला लागली, पण त्यांना पोराशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं. गाणं संपलं तेव्हा ते लहान मुलासारखे रडत होते आणि हरिओम त्यांच्या पायाशी बसला होता. “लई स्वच्छ झालंय रे,” ते त्याला पुन्हा पुन्हा म्हणाले. “लई स्वच्छ.”

हरिओमने गाणं त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं. दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेलेच नाहीत. नीलाबाईंची सकाळची कामं आटोपली, तसं त्यांनी फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि गाणं लावलं. नीलाबाई पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या. ‘मला उठव’ आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी आली. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, “पुना लावा बरं.”

त्यांनी पुन्हा लावलं. या वेळी नीलाबाई फोनला कान लावून बसल्या.

“लिंगाचा आवाज कुटं गेला?” त्यांनी विचारलं.

“कसला आवाज?”

“टकटक व्हायची न्हवं का. गच्चीवर उकडतंय म्हणून नुसत्या बनियनवर बसायचा. वाकला की गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी गिटारीच्या लाकडावर वाजायची. मी म्हणायची, आरं, बनियनच्या आत घाल. तर म्हणायचा, ऱ्हाऊ दे अव्वा, त्ये बी वाजू दे माझ्यासंगं.” बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि तसंच विरलं. “खाली मला गाणं धड कळायचं न्हाई, पर त्ये टकटक यायचं. ह्यात का न्हाई?”

“पाणी पिऊन येतो,” असं काहीतरी बोलून बसलिंगप्पा बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांनी हरिओमला फोन लावला. त्या टकटकीसकटचं जुनं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे का?

“न्हाई ना काका,” हरिओम म्हणाला. “साफ केलेलं आलं तसं पुण्याच्या त्या माणसानं जुनं काढून टाकलं. माझा बी फोन मधी बदलला. का वो? काय झालं?”

“काय न्हाई,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

न सांगूनही भागलं असतं. ‘मशीनमधी गेला असंल’ म्हटलं असतं तर नीलाबाईंनी मानलं असतं. त्यांना मशीनमधलं काय कळतं? आयुष्यभर गिऱ्हाइकाला खोटं न बोललेल्या माणसाच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. डबी तर आता मातीत होती, पोराच्या हातात.

आत नीलाबाईंनी गाणं तिसऱ्यांदा लावलं होतं. बसलिंगप्पा दारात येऊन थांबले.

“मीच काढायला लावला,” ते म्हणाले. “हरिओमनं फोन करून इचारलं होतं, टकटक हाय, काढू का. मी म्हणलं, काढून टाक.”

नीलाबाईंनी फोन बंद केला. त्या ओरडतील, कपाळ बडवून घेतील, म्हणून बसलिंगप्पा मान खाली घालून उभे होते. त्या उठल्या, नवऱ्याच्या दंडाला धरून त्यांनी त्यांना पाटावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

“तुमाला कसं कळणार वो,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमी कुटं कधी ऐकलं होतं त्याला.”

त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. त्या खरोखरच त्यांची समजूत घालत होत्या.