दोन जागा आणि झुंबरबाईचा वाळा

कडूबा दुपारी झोपायचा तो नुसत्या भुईवर. अंगाखाली चवाळं नाही, उशाला काही नाही. उजवा कान मातीला लावायचा आणि डोळे मिटायचे. बाभूळखेडचे लोक हसायचे, "पाहा, कडूबा पाण्यासंगं बोलून राह्यला!" बोलत-बिलत तो काही नव्हता. पण डोळा लागला की त्याला जमिनीखालून पाणी चालताना दिसायचं, हे मात्र खरं. कुठे संध्याकाळी परतणाऱ्या गाईंसारखं संथ, कुठे बारीक, लाजत लाजत. सगळीकडचं पाणी त्याला निळं दिसायचं. बाभूळखेडच्या खालचं तेवढं पांढरं दिसायचं, आणि मग त्याला जाग यायची.

कारण बाभूळखेड खारपाणपट्ट्यातलं. खामगावहून नांदुऱ्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात हे गाव येतं. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पिणाऱ्याच्या पोटाचं काय होतं ते विचारूच नका. प्यायचं पाणी आठवड्यातून एकदा, बुधवारी, टँकरनं यायचं. आणि अशा गावात देवानं जन्माला घातला पाणाड्या! त्यातून नाव कडूबा. थट्टा करायला देवाला हेच घर सापडलं.

पाणाड्या म्हणून मात्र त्याला पंचक्रोशीत तोड नव्हती. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ घेऊन तो शेतातून अनवाणी चालायचा. नारळ जिथे सरळ उभा राहील तिथे खाली पाणी. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पण पाणी आहे एवढंच नारळ सांगतो. गोड की खारं, ते कडूबाची जीभ सांगायची. चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि बोलायचा. चाळीस वर्षांत ती जीभ एकदाही चुकली नव्हती. कितीतरी गावांच्या विहिरी त्याच्या शब्दावर खोदल्या गेल्या. घरी मात्र त्याच्या बायकोच्या, झुंबरबाईच्या माठात टँकरचं पाणी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

झुंबरबाई त्या पाण्याला जिवापाड जपायची. माठात वाळ्याची जुडी सोडायची, जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेली. "शिळं पाणीबी मंग पाव्हण्याले देता येते," असं म्हणायची. मूत्रखड्यानं तिचे दोन उन्हाळे अंथरुणात गेले होते. डॉक्टर म्हणाले, गोड पाणी भरपूर प्या. ती हसून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर लिहून देता का, मेडिकलमंधून आनतो." कडूबा बाजूलाच उभा होता. त्याला ते हसणं फार लागलं.

तर अशात खामगावच्या कोरडवाहू शेती मंडळाचं मुख्यालय हलवायचं ठरलं. जुनी इमारत गावात, कापसाच्या गल्लीत. फायली जिन्यावर आणि साहेबांच्या गाड्या दुसऱ्यांच्या दारात. नवी जागा शहराबाहेर पाहिजे होती. दोन पसंत पडल्या. एक नांदुरा रस्त्यावरची, बाभूळखेडला खेटून. दुसरी चिखली रस्त्यावरची, घाटाच्या बाजूची. झालं! वर्षभर निवेदनं, शिष्टमंडळं, चौकाचौकात फलक. दोन्ही जागा सारख्याच मोठ्या, दोन्हीकडे डांबरी रस्ता, दोन्हीकडे बोलभांड पुढारी. शेवटी घोडं अडलं पाण्यावर. कोरडवाहू मंडळाला पाणी पाहिजे होतं, आता बोला. शहराची नळाची लाइन पोचायला चार-पाच वर्षं लागणार, तोवर ज्या जागेचं स्वतःचं पाणी गोड तीच जागा घ्यायची, असं ठरलं.

बाभूळखेडला ऑफिसचं काय कौतुक? कौतुक होतं मागून येणाऱ्या नळाचं. गजेंद्र म्हणून ग्रामपंचायतीचा माजी सदस्य होता, मोठा हिकमती माणूस. तो पारावर म्हणाला, "एकडाव इमारत हुभी राह्यली ना, मंग सरकार तिले तहानलेली ठेवत नाही. लाइन येते म्हंजे येतेच. आन ती येईन आपल्याच दारावरून."

त्या दिवसापासून कडूबाचं स्वप्न बदललं. कान मातीला लावला की पांढरं पाणी दिसायच्या ऐवजी एक पांढरी इमारत दिसायची. तिच्या कुंपणाच्या भिंतीला बाहेरच्या अंगानं एक नळ. झुंबरबाई नळाखाली हंडा लावून उभी. हंडा भरतानाचा तो आवाज, आधी पोकळ, मग हळूहळू भरत जाणारा, त्याला झोपेत स्पष्ट ऐकू यायचा. झोपेतच तो हसायचा. झुंबरबाई म्हणायची, "काहो, कोण भेटून राह्यलं तुमाले सपनात?" तो सांगायचा नाही.

मंडळाच्या इंजिनियर दीपमाला मॅडम एक दिवस गाडी घेऊन त्याच्या दारात आल्या. पाण्याचे नमुने तपासायला प्रयोगशाळा होती, पण मंडळाचे अध्यक्ष जुन्या वळणाचे. पाणाड्याचं मत फाइलला लागल्याशिवाय ते सही करणार नव्हते. मॅडम म्हणाल्या, "कडूबाकाका, खरं सांगू? माझा नारळावर विश्वास नाही. पण तुमच्या जिभेबद्दल फार ऐकलंय. गुरुवारी तुमच्या इथली जागा पाहू."

बुधवारी कडूबा मोताळ्याच्या बाजाराला गेला होता. संध्याकाळी परत आला, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "पानी दे व."

"ताक घ्या," झुंबरबाई म्हणाली.

"म्या पानी मांगतलं."

"ऊन लागलं असन तुमाले. ताक बरं."

"माठ कुठी गेला?"

"धुवून पालथा घातला."

टँकरच्या दिवशी कोणी माठ पालथा घालतं का? पण दमलेल्या माणसाच्या ते ध्यानात आलं नाही. ताक पिऊन तो आपला नळाच्या स्वप्नात शिरला.

गुरुवारी सकाळी सारं गाव त्या जागेवर हजर. जागेत एक पडकी विहीर होती, उन्हाळ्यात तळाला जेमतेम गुडघाभर पाणी. कडूबा नारळ घेऊन चालला आणि विहिरीजवळ नारळ टुणकन उभा राहिला. मंडळाच्या शिपायानं बादली सोडून पाणी शेंदलं. मॅडमनी ओंजळीत घेऊन घोट घेतला.

"अहो, हे तर गोड आहे!"

कडूबानं जिभेवर घेतलं. गोड! खरंच गोड! त्याच्या अंगातून वीज गेली. या विहिरीचं पाणी त्यानं लहानपणी थुंकून टाकलं होतं. म्हणजे चाळीस वर्षं आपण चुकत होतो? पांढरं दिसलं ते निळंच होतं? त्याला समोर ती इमारत दिसली, नळ दिसला, हंड्याचा आवाज आला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. अजून एक घोट घ्यावा म्हणून तो बादलीवर वाकला, तर पाण्यात वाळ्याची एक जुडी तरंगत होती. हिरव्या चिंधीनं बांधलेली.

त्यानं ती मुठीत घेतली आणि मान वर केली. बावीस घरच्या बावीस बाया डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. झुंबरबाई खाली मातीकडे पाहत होती. मग त्याला कळलं. काल आलेला टँकर, वरून घराघरातला माठ अन् माठ, सगळ्या गावाचं आठवडाभराचं प्यायचं पाणी त्या उपसून कोरड्या केलेल्या विहिरीत ओतलेलं होतं. डोकं गजेंद्रचं असणार, पण हंडे वाहिले बायांनी.

"काका, फाइलवर तुमचंच मत लिहिणार आहे," मॅडम म्हणाल्या. "नमुनाही याच विहिरीचा नेते. लिहू ना, पाणी गोड?"

नुसतं 'लिहा' म्हणायचं होतं. एक शब्द! त्या एका शब्दात नळ होता, झुंबरबाईच्या दुखण्यावरचं औषध होतं, त्याच्या म्हातारपणाचं सगळं सुख होतं. गजेंद्र डोळ्यांनी खुणा करत होता. कडूबाचे ओठ हललेही. पण माणूस जन्मभर एका गोष्टीवर उभा असला की त्याला तिच्यावरून उतरता येत नाही, मग खाली सोन्याचा पाट मांडलेला का असेना. हा आमचा कडूबा तसलाच, खुळा म्हणा हवं तर.

"पानी गोड हाय, मॅडम," तो म्हणाला. "जमीन खारी हाय. हे पानी इथलं नाही. हे आमच्या बायाईच्या माठातलं हाय. लिहू नका."

मॅडम एकदा विहिरीकडे आणि एकदा त्या बायांकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी फाइल मिटली. गाडी गेल्यावर गजेंद्रनं कपाळावर हात मारला, "घात केला ना, कडूबाभाऊ! घरच्यानंच घात केला!"

पुढचे दिवस फार वाईट गेले. पुढच्या बुधवारपर्यंत आता गावाला खारं पाणीच प्यायचं होतं. पारावर कडूबा आला की लोक उठून जायचे. झुंबरबाई भाकर त्याच्यापुढे आदळायची, बोलायची नाही. पाच दिवस त्या घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. कडूबाला दुःख झालं, पोटातून झालं. कान मातीला लावला तरी आता काही दिसायचं नाही, ना निळं ना पांढरं.

मग मंगळवारी, टँकरच्या आदल्या दिवशी, चिखली रस्त्यावरच्या जागेचं बोलावणं आलं. तिथे नारळ उभा राहिला, जिभेवर माती गोड लागली, बोअर पाडला आणि पाणी माणसाच्या उंचीवर उडालं. मॅडम भिजल्या तरी हसत होत्या. पोटभर प्याल्या आणि म्हणाल्या, "या, तुम्हीही घ्या काका."

"नाही मॅडम. आमची रीत हाय. पह्यला हंडा पाणाड्याच्या घरी जाते, त्याच्या बायकोच्या हातात. तवरोक पाणाड्यानं थेंबबी तोंडात घ्यायचा नाही."

गाडीनं त्याला बाभूळखेडच्या फाट्यावर सोडलं. तिथून हंडा खांद्यावर घेऊन तो चालत आला. एप्रिलचं ऊन, घशाला कोरड, आणि कानाशी पाणी डुचमळत होतं. हंडा ओट्यावर ठेवून त्यानं खिशातून वाळ्याची जुडी काढली आणि अलगद पाण्यात सोडली.

झुंबरबाईनं हिरवी चिंधी पाहिली. पाच दिवसांनी तिचं तोंड उघडलं.

"हे कुठी भेटली तुमाले?"

"बादलीत."

"म्हंजे माह्या माठातलं पानी हाय, हे म्हाईत होतं तुमाले?"

"हाव."

"आन तरी बोलले?"

"दुसऱ्या कोनाचं असतं तं कदाचित गप बसलो असतो," कडूबा म्हणाला. "तुह्या पान्यावर खोटं कसं बोलू व?"

झुंबरबाईनं पदरानं डोळे पुसले, हंडा कमरेवर घेतला, हातात पेला घेतला आणि ती बाहेर पडली. ज्या ज्या घरानं माठ रिता केला होता, त्या त्या घरी गेली. गजेंद्रच्याही घरी गेली. कोणी तोंड फिरवलं, कोणी रडलं, पण पेला कोणी परत केला नाही.

उन्हं कलली तेव्हा ती आली. हंडा रिकामा होता, तळाशी ओला वाळा तेवढा उरला होता.

"सपलं सारं," ती म्हणाली. "तुमच्यासाठी काही ठेवलं नाही. तुमी तं तिकडंच पेले असान ना?"

"हाव," कडूबा म्हणाला. "पोटभर पेलो."

चाळीस वर्षांत पाण्याच्या बाबतीत तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

"आन तू पेली का?"

"पेली ना. सगळ्यात आंधी मीच पेली."

तिचे ओठ कोरडे पडून चिरले होते. कडूबानं ते पाहिलं. त्यानं वाळ्याची जुडी उचलून माठातल्या खाऱ्या पाण्यात सोडली. जरा वेळानं पेला भरला, अर्धा तिला दिला आणि उरलेला आपण प्याला.