उजव्या चाकाची घरघर
आष्ट्याहून सांगलीला निघालो तेव्हा गाडीतून घरघर येत होती. दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी चालू असावी, तशी. वेग वाढवला की वाढायची, पाय काढला की उतरायची. शेजारी वडील बसले होते. त्यांना विश्रामबागेत कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. दोन वर्षांत त्यांना फार कमी ऐकू यायला लागलं होतं. पण "माझ्या कानाला काय धाड भरलीय?" असं म्हणत ते कसेबसे गाडीत बसले होते.

वडील लष्करात ट्रक चालवायचे. सुटीवर आले की गल्लीतून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायचे, आणि ते सहसा चुकत नसत. गावातला त्यांचा मान या कानामुळेच होता. हे मला ठाऊक होतं. पण माझं डोकं मुळात तापट, त्यात गाडी वाजत होती.

"डावं चाक वाजतंय," मी मोठ्यानं म्हणालो.

"कायबी वाजत न्हाई. नीट चालव."

"आवं आप्पा, वाजतंय!"

"न्हाई म्हंतोय न्हवं!"

तेव्हा मी ओरडलो, "तुमाला ऐकू येतंय कुठं? जन्मभर कानाच्या जोरावर मिरवलासा, आता गप बसा की!"

सकाळपासून मी प्रत्येक वाक्य त्यांना दोनदा सांगत होतो. हे मात्र पहिल्या फटक्यात ऐकू गेलं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाले, "सांगलीला नेतोस तर ने. त्या डॉक्टरच्या दारात मी पाय ठेवणार न्हाई."

जीभ चावून आता उपयोग नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, पण गाडी थांबवून तसं म्हणायचा धीर झाला नाही.

दिग्रज मागं पडलं. वडिलांनी वाकून चप्पल काढली, पायाखालची रबरी मॅट बाजूला सारली आणि अनवाणी तळवा खाली टेकवला.

"रस्ता मोकळा हाय. जरा डावीकडं घाल," ते म्हणाले. "आता उजवीकडं. परत डावीकडं."

ते सांगतील तसं मी स्टिअरिंग फिरवत गेलो. डावीकडे घेतलं की घरघर चढायची, उजवीकडे घेतलं की पडायची. त्यांना ती ऐकू येत नव्हती, पण तळव्याला कळत होती.

"फुडच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. "डावीकडं वळलास की भार उजव्या चाकावर जातोय, तवाच ते कण्हतंय."

सांगलीवाडीत एका गॅरेजवर गाडी घेतली आणि पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग बघायला सांगितलं. मिस्त्रीनं पुढची दोन्ही चाकं उचलून हातानं फिरवली. डावं मुकाट फिरलं. उजवं खरखरलं. "कुणी वळखलं वो?" त्यानं विचारलं. मी वडिलांकडे बोट दाखवलं.

ते बाकड्यावर बसले होते. मला त्यांची माफी मागायची होती. पण माफी हळू आवाजात मागतात, आणि हळू बोललेलं त्यांना ऐकू जात नव्हतं. चहा घ्या, औषध घेतलं का, इकडं बसा... दोन वर्षं आम्ही घरातली सगळीच त्यांच्याशी ओरडून बोलत आलो होतो. त्यात राग कुठला आणि माया कुठली, त्यांना कसं कळणार?

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "आप्पा, चुकलं माझं."

"आँ?"

"चुकलं!"

"काय चुकलं?"

शेवटी पाच-सहा अनोळखी माणसांसमोर मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "माझं चुकलं, आप्पा! तसं बोलाय नको हुतं मी!"

सगळे हातातलं काम टाकून बघायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"हळू बोल की रं," वडील म्हणाले. "चार माणसं हायत."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माझा दंड धरला.

"चल त्या डॉक्टरकडं. तुला तरी किती दिस असं वरडाय लावू?"