शेऱ्याचा रकाना

विहिरीत डोकावण्याआधी सर चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवत. त्यांचा आधीचा चष्मा नेरच्या एका विहिरीत गेला होता. तो पडल्याचा आवाज किती सेकंदांनी आला ते त्यांनी आधी वहीत लिहिलं, मग हळहळले. तुमच्याही पाहण्यात असा एखादा अवलिया असेल, पण आमचे सर त्याच्याही वरताण.

ते इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. जमिनीखालचं पाणी वर्षभर कसं चढतं-उतरतं, हे त्यांचं संशोधन. मी राळेगावजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. दर रविवारी गावातल्या दोन विहिरी मोजायचं काम त्यांनी मला दिलं. एक दोर, त्याला पितळी वजन आणि एक वही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते एसटीनं येत, वही तपासत, आईच्या हातचा गुळाचा चहा दोनदा मागून घेत आणि निघताना बजावत, "मास्तर, दिसलं तेच लिहायचं."

एक विहीर आमच्या वस्तीतली, दुसरी पाटलाच्या घरापुढची. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, मी मास्तर झालो, तरी पाटलाच्या विहिरीच्या ओट्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. हे सरांना सांगायची मला लाज वाटली. मी आपला आमच्या विहिरीच्या आकड्यात चार फूट मिळवून दुसरा रकाना भरत गेलो.

महिनाअखेर सरांनी वही पाहिली आणि चहाची बशी खाली ठेवली.

"दोन विहिरी इतक्या गुण्यागोविंदानं चालत नसतात, मास्तर. हे आकडे खोटे आहेत."

"मले तिथं चढू नाई देत, सर," मी कसंबसं म्हणालो.

मला वाटलं, काम गेलं. पण सर चिडले की थेट वऱ्हाडीवर येत. "मंग तसं लिहा ना! काहून लपवून राह्यले? शेऱ्याचा रकाना कायले आखला मी?"

खोटे आकडे त्यांनी मलाच खोडायला लावले. पुढचे चार रविवार मी शेऱ्यात लिहिलं, 'मोजू दिलं नाही.' लिहिताना राग यायचा आणि मोकळंही वाटायचं.

पुढच्या खेपेला सर ती वही घेऊन पाटलाच्या ओसरीवर गेले. मी खाली रस्त्यावर उभा. आपल्या विहिरीचं काय लिहिलंय, हे पाटलाला ऐकायचंच होतं. सरांनी हजेरी घेतल्यासारखं वाचलं, "मोजू दिलं नाही. मोजू दिलं नाही. मोजू दिलं नाही. मोजू दिलं नाही."

"हे छापून येईन काय?" पाटलानं विचारलं.

"आहे तसंच."

पाटील चुळबुळला. "मोजू दे मास्तरले पुढच्या रविवारी," तो गड्याला म्हणाला. "पण पाण्याले हात नाई लावाचा."

एसटीत चढताना सर म्हणाले, "पहिला आकडा मला दाखवायचा. विसरू नका."

त्या काठावरून मी पहिल्यांदा खाली पाहिलं. बावीस फूट सात इंच. खात्रीसाठी तीनदा मोजलं.

महिनाअखेर आईनं चहाचं आधण ठेवलं. एसटी आली, सर उतरले नाहीत. आठवड्यानं कॉलेजचं पत्र आलं. प्राध्यापक हृदयविकारानं गेले, काम बंद करावं.

मी बंद केलं नाही. "आता कोनाले दाखवता, मास्तर?" पाटलाचा गडी विचारायचा. मी दोर गुंडाळायला लागायचो. तो पहिला आकडा सरांनी एकदा पाहायला हवा होता, एवढंच मला वाटायचं. अजून वाटतं.

वही मी शेवटच्या पानापर्यंत भरली. दोन्ही विहिरींचे आकडे खरे आहेत. आणि दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, शेऱ्यात, हे तीन शब्द: 'सर आले नाहीत.'