दोन सालांचा माल

तो माणसाच्या तोंडाकडे पाहत नसे. आधी हात पुढे करायला लावायचा, कोपर पंजात धरायचा आणि हाडाच्या खोबणीत अंगठा असा दाबायचा की डोळ्यांत पाणी उभं राहावं. "सरळ कर. आणखी सरळ. बस." मग हात सोडून द्यायचा आणि दुसरीकडे बघत म्हणायचा, "धागा आखूड हाय." झाला निकाल.

सगळे त्याला उस्ताद म्हणत. माझ्याहून तीस-बत्तीस वर्षांनी मोठा माणूस, तेव्हा रीतीनं 'ते' म्हणायला हवं. तोंडावर म्हणतही होतो. पण लिहायला बसलो की माझ्या हातून 'तो'च उतरतं, आणि खोडावंसं वाटत नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मरून वर्षं होतात, पण आपला राग काही म्हातारा होत नाही.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली. जालन्यात तेव्हा कापसाची सरकी काढून गठाणी बांधायचे कारखाने होते. आम्ही त्यांना जीन म्हणायचो. अशाच एका जीनमध्ये उस्ताद कापसाचा पारखी होता. भोकरदनकडून गाड्या आल्या की तो गाडीत हात खुपसून चिमूटभर कापूस काढी, दोन अंगठ्यांत धरून हळूहळू ओढी आणि धागा किती लांब ते सांगे. "आखूड" म्हणाला की गाडीवाल्याचा चेहरा पडायचा. हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती, कारण तो चुकत नसे. निदान कापसात तरी.

दुसरं काम त्याच्याकडे आलं ते मॅनेजरसाहेबांमुळे. त्यांना क्रिकेटचं वेड. जीनची टीम होती, पिचवर अंथरायला काथ्याची चटई होती, खेळायला जुन्या छावणीतलं मैदान होतं. आणि उस्ताद तरुणपणी त्याच छावणीत गोऱ्या साहेबांना सरावासाठी बोलिंग टाकायला जायचा. म्हणून टीममध्ये कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हेही तोच ठरवी. आमच्या टीमला तशी काही किंमत नव्हती. पण हैदराबादेत एका जागीरदाराची मोठी टीम होती आणि त्यांचा एक माणूस हिवाळ्यात गावोगाव फिरून पोरं बघायचा. त्यानं उचललं की पगार, राहायला खोली, पायात बूट. तोवर जालन्यातून दोघे गेले होते. दोघेही उस्तादाच्या शब्दावर.

मी हसनाबादचा. आजाच्या काळात आमच्याकडे मेंढरं होती, बापाच्या काळात ज्वारी. मी अठराव्या वर्षी जालन्याला आलो, जुन्या जालन्यात आत्याकडे राहिलो आणि जीनमध्ये गठाणी वाहायला लागलो. एकदा दुपारच्या सुट्टीत एक माकड कुणाची तरी भाकरीची फडकी पळवून पत्र्यावर जाऊन बसलं. मी विटेचा तुकडा उचलला आणि माकडाच्या शेजारी, वीतभर अंतरावर, पत्र्यावर हाणला. माकडाला लागू द्यायचा नव्हताच. दणका ऐकून त्यानं फडकी टाकली आणि पळालं. मॅनेजरसाहेब खिडकीतून बघत होते. त्यांनी बोलावून विचारलं, "कुठं शिकलास रे?" मी म्हणालो, "ज्वारीच्या राखणीला होतो साहेब. पाखरं हाणायची सवय हाय."

संध्याकाळी मला मैदानावर उभं केलं. कसं पळायचं, हात कसा फिरवायचा ते टीममधल्या पोरांनी दाखवलं. मी बारा बॉल टाकले. तिसऱ्यानं मधली दांडी मुळापासून उपटली, सातव्यानं चिरली. मॅनेजरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. उस्ताद आला, माझं कोपर धरलं, अंगठा घातला.

"हा बोलर न्हाई साहेब. राखण्या हाय. टाकत न्हाई, फेकून राह्यला."

सगळे हसले. माझं नाव त्या दिवसापासून राखण्या पडलं. क्रिकेटमध्ये बॉल सोडताना कोपर सरळ राहायला लागतं, वाकलं की ती फेक होते आणि फेक चालत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलंही नव्हतं. नुसतं सांगितलं असतं तर मी समजलो असतो. पण नुसतं सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आधी माणूस चारचौघांत उताणा पाडायचा.

तरी त्यानं मला ठेवून घेतलं. का, ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी बांबूची कामटी आणली आणि गोणपाटाच्या पट्टीनं माझ्या उजव्या हाताला बांधली, दंडापासून मनगटापर्यंत. "ही सुटली तर मैदानावर येऊ नको." रोज सकाळी कामटीसकट शंभर बॉल. वाकवू गेलं की बांबू मांसात रुते. गठाणी वाहतानाही सोडायची नाही. मी डाव्या हातानं जेवायला लागलो, ते आत्याला बघवेना. दोन महिने ती ताटासमोर बसून मला घास भरवी आणि प्रत्येक घासाला उस्तादाला एक शिवी घाली.

"मेल्याला सोताचं लेकरू असतं तर कळलं असतं. घे. त्याचे हात झडोत. घे."

लेकरू होतं त्याला, एक मुलगी, पिंपळगाव रेणुकाईला दिलेली. पण ते आम्हाला फार नंतर कळलं.

कामटी निघाली तेव्हा हात सरळ झाला होता. हे मी कबूल करतो. वेगही राहिला. पण थकलो की शेवटी शेवटी कोपर आपोआप मुडपायचं, अगदी किंचित. मला कळायचं. त्यालाही कळायचं. दुसऱ्या कुणाला दिसत नसे.

जानेवारीत औरंगाबादच्या टीमशी सामना होता आणि तो बघायला हैदराबादचा माणूस येणार होता. आठ दिवस मला झोप नव्हती. सामन्याच्या दिवशी मात्र हात असा चालला की काय सांगू. दुपारपर्यंत पाच गडी. मग ऊन चढलं, खांदा भरून आला, आठ गडी गेल्यावर औरंगाबादचे दोघे चिवटपणे उभे राहिले आणि दुसरा बोलर मार खायला लागला. मी पुन्हा बॉल घेतला. त्या दोघांनाही मीच काढलं. कसं काढलं ते मला माहीत होतं. अंपायरला दिसलं नाही, लोकांनी मला उचलून घेतलं, आणि मॅनेजरसाहेबांनी आपल्या गळ्यातला मफलर माझ्या गळ्यात घातला.

हैदराबादचा पाहुणा मांडवात चहा पीत बसला होता. चांगला माणूस. त्यानं मला जवळ बोलावलं, बुटाचं माप विचारलं. मला ते माहीत नव्हतं, कारण बूट कधी घातलेच नव्हते. तो हसला आणि उस्तादाकडे वळून म्हणाला, "पोट्टा कैसा है, उस्ताद? ले जाऊँ?"

मी तिथंच उभा होतो. मांडवात वीस माणसं होती.

उस्ताद म्हणाला, "दो साल का माल है. फिर कंधा जाएगा. और थकता है तो फेंकता है. आज भी फेंका."

पाहुण्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि त्यातच त्याला उत्तर मिळालं असणार. तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. एकटा.

मी उस्तादाला मांडवामागं गाठलं. बॉल अजून माझ्या हातात होता.

"वाटोळं केलं तुम्ही माझं."

"कोपर मुडपलं का न्हाई?"

"दोनदा मुडपलं. दोनदाच."

"तीनदा," तो म्हणाला. "एक नुस्ताच वाया गेला, म्हणून तुझ्या ध्यानात न्हाई."

मी बॉल उगारला. चार पावलांवर होता तो. माझा नेम तुम्हाला सांगितलाच आहे. तो हलला नाही, डोळे मिटले नाहीत, हात आडवा घातला नाही. त्याची नजर माझ्या कोपराकडे होती. त्या क्षणीही तो कोपरच बघत होता! मी बॉल जमिनीवर आपटला आणि निघून आलो. मैदानावर पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

पुढं काय झालं तेही सांगतो, नाहीतर मी एकच बाजू सांगितली असं होईल. त्यानंतरच्या रविवारी तो आत्याच्या दारात आला. हातात तिळाच्या तेलाची बाटली. मी आत, धान्याच्या कणगीआड उभा राहिलो.

"आक्का, पोराला म्हणावं सकाळी येत जा. आणखी दोन म्हयने काढले तर हात बिलकुल सरळ होतो. मंग मीच लिहितो हैदराबादेला."

आत्या उंबऱ्यातून हलली नाही. "तवा वाकडा व्हता, आता सरळ व्हतो. माझ्या लेकराचा हात का हंड्याची कडी हाय, तुम्ही वळवाल तसा वळायला?"

"तवा वाकडा व्हता म्हणून वाकडा म्हणलो."

"चाला, निघा. तुमचं त्याल तुमच्या जिभंला लावा."

तो तीन रविवार आला. तिन्ही वेळा बाटली परत घेऊन गेला. तिन्ही वेळा मी कणगीआड होतो. मी गेलो असतो तर, हा प्रश्न मला विचारू नका. पुढच्या हिवाळ्यापर्यंत दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. हैदराबादचा माणूस आला नाही, नंतरही कधी आला नाही. जागीरदाराची टीम मोडली म्हणून ऐकलं.

आणि खांदा? दोन साल म्हणाला होता तो. मी त्या खांद्यावर पुढं सहा वर्षं गठाणी वाहिल्या. आज सत्तरी उलटली तरी चिंचेच्या शेंड्यावरचा आकडा मी दगडानं पाडतो. कोपराचं तो खरं बोलला होता. खांद्याचं साफ चुकला. पण वीस माणसांसमोर त्यानं दोन्ही गोष्टी सारख्याच खात्रीनं सांगितल्या, आणि कुठली खरी, कुठली खोटी, हे बघायला त्या पाहुण्याला सवड नव्हती. माझा राग आहे तो याचा.

सहा वर्षांनी त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कापूस बोटांना कळायचा, पण त्यातला कचरा दिसेना. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, तुमच्या जागी कुणाला बसवू? तो म्हणाला, "राखण्याला." मी नाही म्हणणार होतो. पण घरी बायको होती, आत्या अंथरुणाला खिळली होती. बसलो.

त्यानं मला एक महिना शिकवलं. बोटांवर पट्टी मारायचा. "वढू नको. येऊ दे. धागा सोता सांगतो." क्रिकेटचं अक्षर दोघांनीही काढलं नाही. शेवटच्या दिवशी तो उठायला लागला तेव्हा माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"उस्ताद, त्या दिवशी गप बसला असता तर काय बिघडलं असतं?"

तो थांबला. कापसाची धूळ छातीत बसून त्याला दम लागायचा, त्यामुळे थोडं थांबूनच बोलायचा.

"न इचारता मी कुणाचं वाईट बोल्लो का कधी? त्यानं इचारलं."

एवढंच. त्याला पश्चात्ताप नव्हता, आणि मला वाटतं त्याला माझा प्रश्नही कळला नव्हता.

तो चैत्रात गेला, जीनच्या मागं त्याची खोली होती तिथं, सकाळच्या वेळी. हंगाम संपलेला, माणसं गावी गेलेली. तिरडीला चौघं जमेनात म्हणून मला बोलावणं आलं. मी खांदा दिला. रडलो नाही, आणि ज्यांना रडू आलं असं कुणी तिथं नव्हतंही.

मुलीला निरोप उशिरा पोचला. पाचव्या दिवशी ती बैलगाडी घेऊन आली. चाळिशीची बाई, चेहरा बापासारखाच हाडकुळा. खोलीत एक पत्र्याची पेटी, दोन धोतरं, एक पितळी तांब्या. पेटी मी उचलून गाडीत ठेवली. ती वर चढून पेटीवर बसली आणि बैल जुंपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

"भाऊ, तुम्ही लई वर्सं संगं व्हता त्यांच्या. येक इचारू का?"

"इचारा की."

"माझं लगीन झालं तवा मी धा वर्सांची. माय आधीच गेल्ती. मंग हे वर्साला येकदा यायचे, ओट्यावर बसायचे, च्या प्यायचे, जायचे. माझ्याशी काय बोलावं ते त्यांना सुधरायचंच न्हाई. माणूस कसा व्हता हो आमचा बाप?"

तुम्हाला सांगतो, जिभेवर सगळं तयार होतं. इतक्या वर्षांत मनात हजारदा घोकलेलं. आणि या वेळी मला कुणीतरी विचारलं होतं.

"चांगले होते," मी म्हणालो. "पोरांवर लई जीव त्यांचा. तुमचं बी नाव काढायचे."

"खरंच?"

"बिलकुल."

तिनं पदर सारखा केला. "बरं झालं इचारलं," म्हणाली, आणि गाडीवानाला हाक दिली.

गाडी भोकरदनच्या रस्त्याला लागली. ती बैलांकडे पाठ करून बसली होती, त्यामुळे तिचं तोंड सारखं माझ्याकडे होतं, आणि त्यावर हसू होतं. एवढं बोलून बसलो होतो, मग लगेच पाठ कशी फिरवणार? गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उन्हात हात वर करून उभा राहिलो.