पोटचं की पाठचं

अख्ख्या भोर तालुक्यात चामड्याची खरी पारख असलेला माणूस एकच, आणि तो नेमका थोरला दीर म्हणून माझ्या वाट्याला आला. भाऊजी अजून वस्तऱ्यानं दाढी करतात. दाढीला लागतात पाच मिनिटं. पण त्याआधी खिडकीच्या गजाला अडकवलेल्या चामडी पट्ट्यावर वस्तरा घासायला अर्धा तास. तेवढ्यात माझ्या दहा भाकरी होतात. हे वेड घरापुरतं असतं तर मी काही बोलले नसते. पण चामडं दिसलं की भाऊजींचे हात शिवशिवतात. किकवीच्या थांब्यावर अनोळखी माणसाची बॅग चाचपून "रेक्झिन हाय, फसवलं तुमाला," असं त्यांनी सांगितलंय. एकदा शाळेतल्या मास्तरांच्या कमरेच्या पट्ट्यालाच हात घातला, तेव्हा मास्तर दोन पावलं मागे सरले. आधी हुंगायचं, मग दुमडून सुरकुती बघायची, मग अंगठा दाबून फिरवायचा आणि निकाल द्यायचा. जनावराच्या पाठीचं चामडं घट्ट, ते उत्तम. पोटाचं सैल, वस्तऱ्याखाली ताणतं, ते टाकाऊ. बोलताना मात्र ते "पाठचं" आणि "पोटचं" असंच म्हणतात. मी म्हणायचे, "भाऊजी, पोटचं लेकरू आसतं, चामडं न्हाई." त्यावर उत्तर ठरलेलं, "चामड्याला काय कळतंय?"

माझ्या लेकीला मार्गासनीचं स्थळ आलं. पोरानं-पोरीनं एकमेकांना पसंत केलं होतं, मोठ्यांची बोलणी तेवढी उरली होती. लेक त्या मुलावर जीव जडवून बसलेली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, काकांना तिथं कशालाबी हात लावू देऊ नको." भाऊजींनी शब्द दिला आणि जीपमध्ये दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

पण दैव बघा, मुलाचे वडीलही वस्तऱ्यानं दाढी करणारे! ओट्यावर आरशाशेजारी खिळ्याला पट्टा लटकत होता. मी पोह्यांची बशी हातात घेईपर्यंत भाऊजी उठलेसुद्धा. आरशापाशी मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्याच्या खांद्यावरून हात घालून भाऊजींनी पट्टा धरला, हुंगला, दुमडला, अंगठा फिरवला आणि खुशीत ओरडले, "पोटचं न्हाई ह्ये! बघताक्षणीच वळखलं म्या."

मुलाच्या आईनं चहाचं ताट तसंच खाली टेकवलं. वडील पांढरे पडले. "तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? हाताला कळतंय."

ती बाई खाली बसली. "व्हय, पोटचा न्हाई. माज्या धाकट्या जावेचा हाय. ती आन् दीर गेलं तवा वर्साचा हुता. पोराला समदं ठावं हाय. तुमाला बी सांगायचंच हुतं, पर तुमी न्हाई म्हणाल म्हणून जीभ रेटंना." मुलानं तांब्या खाली ठेवला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

लेकीचं लग्न या माणसानं एका अंगठ्यानं मोडलं, असंच मला वाटलं. भाऊजी पट्टा हातात धरून गोंधळून उभे. "आवं, म्या ह्या पट्ट्याचं म्हणतोय! पाठचं चामडं हाय, लई झ्याक हाय."

मग मुलाचे वडील असे हसत सुटले की त्यांना ठसका लागला. ती बाई डोळे पुसता पुसता हसायला लागली. इतक्या दिवसांचा धोंडा छातीवरून उतरल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

भाऊजी मात्र हसले नाहीत. पट्टा खिळ्याला लावून तिच्यासमोर जाऊन बसले. "वैनी, माज्या बी घरात पोटचं कोण न्हाई. पोरगी धाकट्या भावाची. पर खोटं न्हाई सांगत, आज हितं येताना समद्यात जास्त म्याच घाबरलो हुतो. लगीन पक्कं समजा." माझा जीव भांड्यात पडला. त्या क्षणी मला त्यांचं आजवरचं सगळं वेड गोड वाटलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी बघते तर भाऊजींच्या हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

"भाऊजी, पट्टा बदलला का?"

"पट्टा त्योच हाय," ते आरशातच बघत म्हणाले. "हात थाऱ्यावर न्हाई आज."

नवरीची उरलेली हळद वाटीत होती. तीच त्यांनी हनुवटीवर दाबून धरली आणि पाठमोरे बराच वेळ तसेच उभे राहिले.