बसल्या जागची नाडी

भिलाईच्या पहिल्या भट्टीवर बळीराम सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारायचा. वितळलेलं लोखंड वाहून गेलं की चरांत थिजलेला थर फोडून काढायचा, हे त्याचं काम. भंडाऱ्याकडचा गडी, अंगानं वाळका, पण दमाचा पक्का. त्या उन्हाळ्यात भट्टीपुढे काही मजूर चक्कर येऊन पडले, आणि हे काम शरीराला किती जड जातं ते मोजायला शरच्चंद्र आला. तरुण संशोधक, रायपूरच्या जुन्या मराठी घरातला.

पाठीवर पिशवी, तोंडात रबरी नळी, नाकाला चिमटा, अशा अवतारात बळीरामनं सब्बल मारली. सोडलेला श्वास पिशवीत साठायचा. त्यावरून किती शक्ती खर्ची पडली ते कळायचं. पण रोज प्रत्येकाला पिशवी कशी बांधणार? म्हणून बसल्या जागची नाडी आणि कामावरची नाडी यांतल्या फरकावरून तोच अंदाज बांधता येतो का, हे शरच्चंद्रला पाहायचं होतं.

कामावरची नाडी ठीक निघाली. मग ऑफिसात खुर्चीवर बसवलं, तर नाडी उतरेचना. दुसऱ्या दिवशीही तेच. तळहाताला घाम फुटलेला.

"हृदयाचा त्रास असू शकतो," शरच्चंद्र म्हणाला. "डॉक्टर बघेपर्यंत भट्टीवर जायचं नाही."

घरी बळीरामला घास उतरेना. अंगणात नुसत्या येरझारा.

"बसा नं जरा," त्याची बायको पंचफुला म्हणाली.

"बसनंच तर जमून नाही राहिलं मले!" तो खेकसला, आणि आपल्याच बोलण्यानं चपापला.

लहानपणी तो एकदा पाटलाच्या ओसरीवरच्या बाकावर टेकला होता. त्यापायी बापाला सगळ्यांदेखत जोड्यानं मार पडला होता. पुढं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, गाव सुटलं. तरी साहेबासमोर खुर्चीला पाठ लागली की कोणी मागून येतंय असं वाटायचं.

सकाळी तो शरच्चंद्रकडे गेला. "साहेब, माह्या छातीत काही नाही. तुमच्या खुर्चीवर बसलो का जीव घाबरा होते." आणि बाकाची गोष्ट त्यानं सांगून टाकली.

शरच्चंद्रनं हातातली वही मिटली. त्याच्या आजोबांच्या ओसरीवरही कोणी कुठं बसायचं ते ठरलेलं असे.

"मग निवांत कुठं बसता?"

"घरी. खाटेवर."

संध्याकाळी शरच्चंद्र त्याच्या झोपडीत आला. पंचफुलानं चहा दिला. दोघं एकाच खाटेवर बसले. आधी नाडी धावलीच. मग बोलता बोलता मंदावत गेली. डॉक्टरांनीही हृदय धडधाकट ठरवलं. शरच्चंद्रनं बाकीच्या मजुरांची नाडीही घरी जाऊन पुन्हा मोजायची ठरवली.

भट्टीवर परतण्याआधी बळीरामनं मात्र हट्ट धरला. "मले त्याच खुर्चीवर बसवा."

शरच्चंद्रनं मनगट धरलं. नाडी पुन्हा उधळली होती. "राहू द्या, उठा."

"धावू द्या तिले," बळीराम म्हणाला. घाम कानामागून ओघळत होता, पण त्यानं पाठ मागं टेकवली. "मी उठून नाही राहिलो."