गोट्याखालची वाट

अंगणात गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवायचे ठरले, तेव्हा मी मिस्त्रींना म्हणालो, दोन दिवसांचं काम आहे. काम दुसऱ्याने करायचं असलं की मला ते नेहमी दोनच दिवसांचं वाटतं. जुनं सिमेंट मधोमध खचलं होतं. पावसात तिथे डबकं साचायचं आणि येणारा प्रत्येक जण उडी मारून ओसरीवर चढायचा.

मिस्त्री नागभीडचे. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना चाचा म्हणतो. सकाळी त्यांनी सिमेंट फोडायला घेतलं आणि दुपारी मला हाक मारली. वहिनीच्या खोलीच्या भिंतीला लागून, वीतभर खाली, कवेलूंची, म्हणजे छपरावरच्या कौलांची, रांग निघाली होती. एक कवेलू उताणं, त्यावर दुसरं पालथं, अशा जोड्या थेट सांदवाडीपर्यंत, म्हणजे घरामागच्या भाजीच्या वाडीपर्यंत गेल्या होत्या. तोंडाशी मात्र सिमेंटचा गोळा गच्च बसला होता.

"पाण्याची वाट हाये हे," चाचा म्हणाले. "मस्त बनवली होती. बुजवली कोनं?"

"मीच," मी म्हणालो.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. पुढे मला वहिनीनेच वाढवलं. भाऊ गेल्यावरही ती एवढं मोठं अंगण एकटीच शेणाने सारवायची. भिंतीजवळ एक सपाट दगड होता, तेवढा सोडून सारवायची. मृगाच्या आधी एक दिवस ती त्या दगडापाशी बराच वेळ बसलेली दिसे. पाय धुवायचा दगड, घासत असेल, असं मला वाटायचं. मी कधी वाकून पाहिलं नाही.

नोकरी लागल्यावर मी मनाशी ठरवलं, हिचं सारवण सोडवायचं. ती धान कापायला आठ दिवस माहेरी गेली होती. तेवढ्यात मी दगड उपटला, खालच्या खळग्यात न बघताच सिमेंट ठोसलं आणि अंगणभर ओतलं. ती आली आणि दारातच थांबली.

"कसं झालं?" मी विचारलं.

"चांगलं झालं." मग जरा वेळाने म्हणाली, "इथचा गोटा कुठी गेला?"

"फेकला. आता काय कामाचा तो?"

ती गोट्याच्या जागेकडे बघत राहिली. मला वाटलं, डोळे दिपले असतील.

पुढच्या पावसाळ्यात तिच्या खोलीची भिंत ओलीने फुगली. मी गिलावा केला, महागातला रंग लावला, छपरावर माणूस चढवला. काखेत कळसा अन् गावाला वळसा. शेवटी ओलीचा दोष मी तिच्या खोलीतल्या पाण्याच्या रांजणाला दिला. माझ्या सासरची माणसं जेवायला बसली होती, त्यांच्यादेखत म्हणालो, "वयनी, ह्या तुह्या रांजणापायी घर पडंल एखाद्या दिवशी."

तिने तोंड वर केलं नाही. सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर रांजण रिकामा केला आणि एकटीने सांदवाडीत नेऊन ठेवला. हिवाळ्यात तिला खोकला लागला. कोरपन्याला दिलेली तिची पोरगी चार दिवसांसाठी म्हणून तिला घेऊन गेली. त्याला आता सहा वर्षं झाली. रांजण गेला, वहिनी गेली, ओल होती तशीच राहिली. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. मी खोलीला कुलूप लावलं आणि जुन्या घरांचं असंच असतं म्हणून सगळ्यांना सांगत राहिलो. याची लाज मला त्या जेवणाच्या बोलण्यापेक्षा जास्त वाटते.

चाचांनी सिमेंटचा गोळा छिन्नीने काढला, वरून बादलीभर पाणी सोडलं. ते सरळ सांदवाडीत निघालं. मी तिथूनच वहिनीला फोन लावला.

"वयनी, गोट्याखालची नाली सापडली."

"तुह्या भावानं बसवली होती," ती म्हणाली. "कवेलू मी धरून देत होती."

"मंग सांगितलं काऊन नाई मले?"

"कसं झालं, कसं झालं, तीनदा इचारलं तू त्या दिवशी. लय खुश होता."

"अन् मी रांजणाचं बोललो तेव्हा?"

"तेव्हा पाहुणे होते, बाबू."

मी एका दमात सांगितलं, नाली मोकळी केली, भिंत वाळेल, तो गोटाही शोधून आणतो, तू वापस ये.

"राहू दे," ती म्हणाली. "इथची भिंत कोरडी हाये. खोकला बी नाई आता."